बर्फातली लसूण

१४ मार्च १९८३, सोमवार. आकाश स्वच्छ. पेपरात कालचं किमान तापमान एकवीस. गच्चीवरची बाराही खोकी आज उपटली. रोपं एकशे अठ्ठ्याऐंशी. पाकळ्या पडलेला गड्डा एकही नाही. शांताला विज्ञानात वर्गात सर्वांत जास्त गुण. ह्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. संध्याकाळी रामजीभावजींना पत्र लिहायचं आहे म्हणाले.

ही नोंद करताना अंबिका घाडीने पेन इतकं दाबलं, की अक्षरं मागच्या तीन पानांवर उठली. राग लसणीवर नव्हता. लसूण बिचारी काय करणार? तिला जे लागतं ते मिळालं नाही आणि जे नको ते बादल्या भरभरून मिळालं. राग होता तो डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेल्या नवऱ्यावर. हे असं होणार हे तिने सहा महिन्यांपूर्वीच त्याला सांगितलं होतं.

अंबिका दहाव्या वर्षापासून रोज वही लिहीत आली होती. तिचे वडील भायखळ्याकडच्या एका ननांच्या शाळेत माळी होते. माळ्याच्या मुलीला फी माफ होती, म्हणून अंबिका इस्त्रीच्या फ्रॉकातल्या मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसून शिकली. सिस्टर फिलोमिनांनी सगळ्या वर्गाला वही घालून दिली होती. तारीख, हवा, काय घडलं, एवढंच लिहायचं. काय वाटलं ते देवाला सांगायचं, वहीला नाही. सातवीत असताना वडील काविळीने गेले. ननांनी तिला ठेवून घ्यायची तयारी दाखवली, पण चुलते म्हणाले, "माळ्याच्या पोरीला एवढं इंग्रजी पुरे झालं. पुढे काय मडम व्हायचंय?" त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे: "आज शाळेची पुस्तकं परत केली. पाच." काय वाटलं ते तिने वहीला सांगितलं नाही. देवालाही सांगितल्याचं आठवत नाही. ते तसंच पोटात राहिलं आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच बसून होतं.

लग्न झालं ते गुणाजी घाडीशी. कणकवलीजवळच्या गावचा माणूस, गिरणीत साचेखात्यात. बावीस वर्षं तो सूत कातणाऱ्या साच्यांपुढे उभा राहिला, तुटलेला धागा चिमटीत धरून जोडत. साचेखात्याच्या खिडक्या बारा महिने बंद. कोरडी किंवा गार हवा आत आली की धागा पटापट तुटतो, म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडलेले असत. ती दमट ऊब गुणाजीच्या हाडांत मुरली होती. घरीसुद्धा जानेवारीत खिडकी उघडली तर तो म्हणे, "लाव गो ती, धागा तुटात."

जानेवारी ब्याऐंशीत संप झाला. पहिले काही महिने मोर्चे, सभा, घोषणा. पावसाळ्यात गुणाजी भाताच्या लावणीला गावी गेला आणि गणपतीनंतर परतला तेव्हा बोलणं कमी झालं होतं. अंबिका दादरच्या एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावून देत होती आणि घर त्यावर चाललं होतं. ताटावर बसलं की गुणाजी निम्मं ताट सारून उठे. "बाईच्या सुईवर जेवतोय," असं तो अप्पाला म्हणाला ते तिने गॅलरीतून ऐकलं. अप्पा म्हणजे शेजारच्या खोलीतला, त्याच गिरणीतला, जिभेला हाड नसलेला.

मग गुणाजीने कुठूनशी सुताच्या बॉबिनची बारा जुनी लाकडी खोकी आणली, माती भरली आणि गच्चीवर लसूण लावली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात! भाताच्या माणसाचे पाऊस असला की हात चुळबुळतात. अंबिकेने तेव्हाच सांगितलं, "दिवाळीपर्यंत थांबा. आणि बियाणं आधी गारठवावं लागतं." गुणाजी हसला. ऑक्टोबरच्या उन्हात पाती करपू लागल्या तेव्हा त्याने साचेखात्याचा उपाय केला. खोक्यांभोवती गोणपाटं टांगली आणि दिवसातून चार वेळा भिजवली. लसूण त्या ओल्या उबेत सुतासारखी लांबच लांब वाढली. चाळीतले लोक बघायला येत. "गुणाजी, साचा चालू केलास की काय रे वर?" म्हणत. गुणाजी ते कौतुक समजला. खाली मुळाशी मात्र एकेक पांढरी गोटी, करंगळीच्या टोकाएवढी.

त्या सोमवारी संध्याकाळी तो उठून बसला. त्याला सहीपुरतं लिहिता येई, म्हणून गावच्या धाकट्या भावाला, रामजीला, पत्रं अंबिकाच लिही.

"लिही. रामजीस अनेक आशीर्वाद. आम्ही तिघं शिमग्याला येतो ते कायमचे. खोली सोडतो. माझ्या हाताला आता इथं काय येत नाय."

तिने पेन खाली ठेवलं. "तिघं कोण?"

"मी, तू न पोर. आणखी कोण?"

"शांता जूनमध्ये नववीत जाणार. तुमच्या गावात सातवीपुढे शाळा नाही. हायस्कूल आठ मैल, मधे नदी."

"मग नाय शिकली तर काय मरतली?"

शांता मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला, पण तिने मान वर केली नाही. चौदा वर्षांची मुलगी, आणि आईबाप आपल्यावरून भांडताना हलायचं नाही हे तिला कळत होतं. अंबिकेला त्या न हलण्याचा संताप आला. ती उठली, पेटी ओढली, तळातून एक जुनी वही काढली आणि गुणाजीपुढे आपटली.

"वाचता येत नसेल तर ऐका. एकवीस सप्टेंबर चोपन्न. 'सिस्टरनी बियाण्याची लसूण कागदात गुंडाळून बर्फाच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवली.' दोन नोव्हेंबर. 'बाबांनी आज लसूण लावली.' पुढच्या मार्चात पाहा. 'लसूण काढली. एका गड्ड्यात अकरा पाकळ्या.' मुंबईतच. भायखळ्यात!"

"नन लोकांची लसूण ती. विलायती असंल."

"भाजी गल्लीतून आणलेली होती. पिशवी मीच धरली होती."

तिच्या वडिलांनी तिला तेव्हा समजावून सांगितलं होतं. लसणीच्या पाकळीला एकदा तरी थंडी भोगावी लागते. पाच-सहा आठवडे गारठली, की आपल्याला फुटून बऱ्याच पाकळ्या व्हायचं आहे हे तिच्या पोटात ठरतं. मग माघ-फाल्गुनात दिवस मोठा होऊन ऊन तापलं, की गड्डा भरतो. थंडी लागलीच नाही तर ती नुसती पात काढत बसते, फार तर एक गोटी धरते. देशावर दिवाळीनंतरचा गारठा आयता मिळतो. मुंबईला तो उसना आणावा लागतो. आणि गारठा कोरडा हवा. पाणी लागलं तर कुजते. गड्डा अख्खाच ठेवायचा, पाकळ्या लावायच्या दिवशीच सुट्या करायच्या.

हे सगळं तिने गुणाजीला पुन्हा एकदा सांगितलं, आणि या वेळी दात ओठ खाऊन. गुणाजीने वही मिटून तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "बरं. आणखी एक हंगाम. सहा खोकी तुझी, सहा माझी. पुढच्या शिमग्यापर्यंत कुणाच्या तरी खोक्यात गड्डा आला पाहिजे. नाय आला तर खोली सोडायची. शांता तिकडं येईल, परत तोंड उघडायचं नाय."

अंबिका हो म्हणाली. एक वर्ष मिळत होतं, म्हणून हो म्हणाली. पण पुढे साडीला फॉल घालता घालता सुई थांबे आणि ती स्वतःवरच चडफडे: मी हो म्हणालेच कशी?

बर्फाचं कपाट चाळीत कुणाकडे असणार? अंबिकेने चार दिवस विचार केला आणि वरळी कोळीवाड्याची पुतळाबाई गाठली. ती रोज सकाळी पाटी घेऊन चाळीत यायची. नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या, की तिच्या घरच्या पेटीत बर्फाची लादी कधी चुकत नसे.

"लसून? माझ्या पेटीत?" पुतळाबाईने कमरेवर हात ठेवले. "बाय, गो, पापलेटाला लसनीचा वास लागला तर गिऱ्हाईक म्हनेल आधीच शिजवून आनलंस."

"डालड्याच्या डब्यात घालून देते. झाकण मेणाने बंद. वास जाणार नाही."

"आनि तुज्या लसनीला मावऱ्याचा वास आला म्हंजे?"

"येऊ दे. ती शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी आहे, ती तक्रार करणार नाही."

पुतळाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. शांताला ती लहानपणापासून ओळखत होती. सुटे पैसे मोजताना शांता कधी चुकत नाही म्हणून तिच्यावर जीव. "दे डबा," ती म्हणाली. "पन पापलेट-बोंबील हलवताना तो कुटं लवंडला तर माजी जबाबदारी नाय हां."

वीस सप्टेंबरला दोन डबे गेले. अप्पाने जिन्यात पाहिलं आणि चाळभर केलं. "वयनी लसणीची सुकट घालतायत! गुणाजी, आता तुझ्या घरात फोडणीत जवळा घालायची गरज नाय." गुणाजीही हसला. त्या हसण्याचं तिला जास्त लागलं. तिने आल्या आल्या पोळीचं पीठ असं तिंबलं, की शांता म्हणाली, "आई, परात फुटेल."

दर गुरुवारी ती कोळीवाड्यात जाऊन डबे पाही. पाचव्या गुरुवारी एका डब्याचं मेण तडकलेलं दिसलं. आत बर्फाचं पाणी शिरून खालचे पाच गड्डे बुळबुळीत झाले होते, बोट लावलं की पचकन आत जाई. पुतळाबाईची सून पेटी सरकवताना डबा आपटला होता. पुतळाबाई खजील होऊन म्हणाली, "आता ग काय करशील?" अंबिकेने कुजलेले पाच काढून टाकले, उरलेले पुसून कोरड्या कागदात बांधले, डबा पुन्हा मेण लावून पेटीत ठेवला आणि घरी येईपर्यंत रस्ताभर मनातल्या मनात गुणाजीला, अप्पाला, चुलत्यांना, गिरणीच्या मालकांना आणि त्या सुनेलाही एकाच मापाने बोल लावले.

एक नोव्हेंबरला, बेचाळीस दिवस भरल्यावर, तिने गड्डे फोडले. मोठ्या पाकळ्या निवडल्या, शेंडा वर ठेवून चार-चार बोटांवर लावल्या. पाच खोकी भरली; सहाव्यात बियाणं कमी पडलं म्हणून ते तसंच मोकळं ठेवलं. गुणाजीने या वेळी एवढं मात्र ऐकलं, की सप्टेंबरात न लावता तिच्याच दिवशी लावलं. बियाणं बाजारातलं, उबेतलं. आणि गोणपाटं पुन्हा टांगली.

डिसेंबरात त्याची पात तिच्या पातीच्या दुप्पट झाली. तिची बुटकी, जाडसर, जमिनीला धरून. चाळीतले लोक कठड्यापाशी येऊन म्हणत, "वयनी, तुमची थंडीने आकसली वाटतं." ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन पेपरातला आकडा वहीत लिही. जानेवारीत चार-पाच सकाळी पारा पंधराच्या खाली उतरला. गुणाजी सगळ्याच खोक्यांवर जुन्या चादरी घालायला निघाला तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"तुमच्यांवर घाला. माझ्या खोक्यांना हात लावायचा नाही. ही थंडी मी वर्षभर मागत होते."

"मरतली तुझी."

"मरू दे. तुम्ही मारण्यापेक्षा थंडीने मरू दे."

फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या पातीची टोकं पिवळी पडली. तिने पाणी बंद केलं. अप्पा खरोखरच हळहळला. "वयनी, निदान चार तांबे तरी घाला. पोरीसाठी." म्हणजे पैज सगळ्या चाळीला ठाऊक होती. शांताच्या मैत्रिणी तिला विचारत, "तू गावाला जाणार ना ग?" शांताने आठवीची पुस्तकं रद्दीवाल्याला न देता गावी न्यायला कपाटावर रचून ठेवली होती, आणि दहावीची कुणाची जुनी मिळतील याची चौकशी करायचं बंद केलं होतं. ते पाहिलं तेव्हा अंबिकेला वाटलं, लसूण चुलीत घालावी आणि या माणसाला गदागदा हलवून विचारावं, की तुझी मुलगी आहे का माझी एकटीची?

अकरा मार्चला, रविवारी, सगळे गच्चीवर जमले. गुणाजीने आपलं पहिलं रोप उपटलं. हिरवीगार लांब पात, खाली गोटी. दुसरं, तिसरं. सहाही खोकी संपली, सगळीकडे गोटीच.

अंबिकेने खुरपं घातलं. पहिला गड्डा बाहेर आला तो सुपारीपेक्षा जरा मोठा. मातीतच चोळून तिने साल सोलली आणि बोटाने दाबून फोडला. सात पाकळ्या. पुढचा नऊ. काही रोपांना एका जागी दोन-दोन फुटवे येऊन गड्डे वेडेवाकडे झाले होते, एका खोक्यातली निम्मी रोपं मुळाशी कुजलेली निघाली. पण उरलेल्या साऱ्यांत पाकळ्या पडल्या होत्या. बाजारात मांडण्यासारखी ती लसूण नव्हती. पण ती लसूण होती.

"च्यायला," अप्पा म्हणाला. "सुकट फळली."

सगळे हसले. गुणाजीने एक गड्डा उचलला, पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग तो म्हणाला, "गेल्या वर्षी नीट सांगितलं असतंस तर एक साल फुकट नसतं गेलं."

अंबिकेने खुरपं खाली टाकलं.

"सांगितलं नव्हतं? गणपतीनंतर सांगितलं. दिवाळीत सांगितलं. वही उघडून वाचून दाखवलं. तारखेनिशी सांगते, चाळीसमोर सांगते. तुम्ही हसलात! बावीस वर्षं यंत्राने तुमच्या कानांचा भुगा केला, त्याचं मला वाईट वाटतं. पण बायको बोलते ते ऐकायला कान लागत नाहीत, मन लागतं!"

  गुणाजी गड्डा मुठीत धरून जिना उतरला.

संध्याकाळी त्याने पत्राचा कागद मागितला आणि पुढ्यात पाट ठेवला. आवाज सकाळपेक्षा बराच मऊ होता.

"लिही. रामजीस आशीर्वाद. यंदा लसूण बरी आली, म्हणून खोली सोडत नाय. शिमग्याला येत नाय."

अंबिकेने लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने शांताला हाक मारली. "वाच ग, आयेने काय लिवलं ते."

शांताने वाचलं. "रामजीस अनेक आशीर्वाद. शांता जूनपासून दहावीत आहे, म्हणून आम्ही येत नाही. खोली सोडणार नाही."

"मी असं सांगितलं होतं?"

"नाही."

"मग मी सांगितलं ते लिही."

"लिहिणार नाही." ती आता ओरडत नव्हती, आणि त्यामुळे गुणाजी जास्त बिचकला. "गड्डा फुटला म्हणून माझी मुलगी शिकणार? आणि नसता फुटला तर? पुतळाबाईच्या सुनेने दुसरा डबाही आपटला असता तर? शांताची शाळा त्या डब्याच्या मेणावर होती का? मी पैजेला हो म्हटलं ती माझी चूक. ती मी पत्रात लिहून पुन्हा करणार नाही. माझ्या शाळेचं चुलत्यांनी ठरवलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हिच्या शाळेचं लसूण ठरवणार नाही."

गुणाजीने कागदाकडे पाहिलं. बाहेर गॅलरीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. शांता तिथेच उभी होती, आणि या वेळी तिने मान खाली घातलेली नव्हती. ती सरळ बापाकडे पाहत होती. त्याने पेन घेतलं. सही करायला त्याला नेहमीच वेळ लागे. 'गुणाजी' लिहून झाल्यावर तो थांबला, मग आडनावही घातलं.

"तिकीट लाव," तो म्हणाला. "उद्या पेटीत टाकतो." आणि कोपऱ्यातली चप्पल घालून, कुणाकडे न बघता, खाली नाक्यावर निघून गेला.

अंबिकेचा राग तेवढ्याने गेला नाही. पुढे कित्येक वर्षं तो होता. गुणाजी एका बँकेच्या दारावर रखवालदार झाला तेव्हा होता, आणि शांता शिक्षिका होऊन पहिल्यांदा खडूने भरलेले हात घेऊन घरी आली तेव्हाही थोडा होता. त्या संध्याकाळी तिने पत्राला तिकीट चिकटवलं, वही उघडली, तारीख घातली, हवेचा आकडा लिहिला, लसणीचे गड्डे मोजून लिहिले, आणि काय वाटलं ते नेहमीसारखं गाळून शेवटी लिहिलं:

"स्टोव्हच्या दहाही वाती बदलल्या. जुन्यांतल्या दोन अजून चालतील, त्या धुऊन वाळत घातल्या."